रायझन ५ ५६००जी की कोअर आय३-१२१००? मालवण किनाऱ्यावरच्या घरासाठी निवड

कमी खर्चात संगणक असेंबल करायचा आणि त्यावर मुलांचा अभ्यास, घरचा धंदा आणि संध्याकाळचे गेम असं तिन्ही चालवायचं, असं ठरवलं की दोन नावं हटकून समोर येतात. पहिलं एएमडीचं रायझन ५ ५६००जी. तो २०२१ च्या ऑगस्टमध्ये किरकोळ बाजारात आला. त्यात सहा कोअर, बारा थ्रेड, ४.४ गिगाहर्ट्झपर्यंतचा वेग आणि आतच बसवलेलं रेडिऑन वेगा ७ ग्राफिक्स आहे. दुसरं इंटेलचं कोअर आय३-१२१००, २०२२ च्या जानेवारीतलं. त्यात चार कोअर, आठ थ्रेड आणि ४.३ गिगाहर्ट्झपर्यंतचा वेग आहे, आणि तो दोन रूपांत मिळतो. नुसत्या १२१०० मध्ये यूएचडी ७३० हे साधं ग्राफिक्स असतं, तर १२१००एफ मध्ये ग्राफिक्स अजिबात नसतं आणि म्हणून तो स्वस्त पडतो. दोघांत वेगवान कोणता, हा प्रश्न सगळेच विचारतात. त्याचं उत्तर अवघड नाही आणि ते पुढे दिलंच आहे. पण मालवण, देवगड किंवा वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या ग्राहकाने त्याआधी दुसरा प्रश्न विचारावा, असं माझं म्हणणं आहे: ग्राफिक्स कार्ड नसेल किंवा बिघडलं, तर हा प्रोसेसर स्वतःच्या बळावर पडद्यावर चित्र दाखवू शकतो का? दाखवू शकत असेल तरच तो आपल्या घरासाठी योग्य. या एका कसोटीवर बाकीचे बरेचसे निर्णय आपोआप सुटतात.

आधी वेगाचं पाहू. एका कोअरवर चालणाऱ्या कामात इंटेल पुढे आहे, कारण त्याच्या कोअरची रचना नवी आहे. सिनेबेंच आर२३ या सर्रास वापरल्या जाणाऱ्या चाचणीत एका कोअरला तो साधारण दहा ते पंधरा टक्क्यांनी सरस ठरतो. सगळे कोअर एकदम कामाला लावले की चित्र उलटतं. सहा कोअरचा ५६००जी चार कोअरच्या आय३ ला सुमारे पाव हिश्श्याने मागे टाकतो. याचा व्यवहारातला अर्थ असा, की ब्राउझर उघडणं, एक्सेल, टॅली आणि तंत्रनिकेतनातल्या विद्यार्थ्यांचं ऑटोकॅड ही कामं मुख्यतः एकाच कोअरच्या जोरावर चालतात, त्यामुळे तिथे आय३ किंचित चपळ वाटतो. नुसत्या प्रोसेसरच्या जोरावर लांब व्हिडिओ एक्स्पोर्ट करणं, मोठ्या फाइली झिप करणं किंवा एका वेळी पुष्कळ प्रोग्रॅम चालू ठेवणं यात ५६००जी वेळ वाचवतो. दोन्हीकडचा फरक खरा आहे, पण तो मिनिटांचा आणि टक्क्यांचा आहे. त्याच्यामुळे एखादं काम एका संगणकावर होतं आणि दुसऱ्यावर अडतं, असं मात्र होत नाही. तसा फरक ग्राफिक्समध्ये पडतो.

ग्राफिक्स कार्ड घ्यायचंच नसेल तर सामना एकतर्फी आहे. यूएचडी ७३० हे पडद्यावर चित्र दाखवायला, व्हिडिओ चालवायला आणि अगदी हलक्या गेमपुरतं आहे. वेगा ७ त्याच्या दुपटीहून अधिक काम करतं. व्हॅलोरंटसारखा हलका गेम १०८० पिक्सेलवर, सेटिंग कमी ठेवून, ते सेकंदाला साठ फ्रेमच्या बरंच वर नेतं, आणि २०१५ मध्ये पीसीवर आलेला जीटीए ५ सेटिंग उतरवली की समाधानाने खेळता येतो. गेल्या तीन-चार वर्षांतले मोठे, भव्य गेम मात्र त्याच्याकडून मागू नयेत. रिझोल्यूशन ७२० वर आणूनही ते जेमतेम हलतात. यात एक अट फार महत्त्वाची आहे आणि दुकानात ती हमखास विसरली जाते. वेगाला स्वतःची मेमरी नसते, ते संगणकाच्या रॅममधूनच आपला वाटा घेतं. डीडीआर४-३२०० ची एकच स्टिक लावली तर रॅममधून सेकंदाला २५.६ गिगाबाइट एवढीच ये-जा होते, तर दोन स्टिक दोन चॅनलमध्ये लावल्या की ती ५१.२ होते. म्हणून ५६००जी सोबत १६ जीबीची एक स्टिक घेणं म्हणजे ज्या ग्राफिक्ससाठी जास्त पैसे दिले त्याचाच गळा आवळणं. ८ जीबीच्या दोन घ्याव्यात. दुकानदार ‘आता एक घ्या, दुसरी पुढे टाका’ म्हणाला, तरी या प्रोसेसरच्या बाबतीत ते ऐकू नये.

कार्ड घ्यायचं असेल तर पारडं फिरतं. कार्ड बसवल्यावर गेमसाठी वेगा ७ चा उपयोग राहत नाही आणि उरतो नुसता प्रोसेसर. त्यात ५६००जी ची दोन उणी उघडी पडतात. त्याची एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ मेगाबाइट आहे, म्हणजे त्याच पिढीतल्या साध्या रायझन ५ ५६०० च्या निम्मी, आणि गेमना कॅश फार लागते. दुसरं म्हणजे तो कार्डाला जोडणाऱ्या पीसीआय एक्स्प्रेस या मार्गाच्या तिसऱ्या पिढीवरच थांबलेला आहे, तर आय३ सोबतच्या एच६१० बोर्डवर कार्डाला सहसा चौथी पिढी मिळते. आरएक्स ६५०० एक्सटी हे स्वस्त कार्ड चारच लेनवर चालतं. जुन्या पिढीच्या बोर्डवर बसवलं की त्याची वाट अरुंद होते आणि फ्रेम स्पष्टपणे घटतात. आठ लेनच्या आरएक्स ६६०० ला तेवढा फटका बसत नाही. एकंदरीत, तेच कार्ड दोघांना लावलं तर बहुतेक गेममध्ये चार कोअरचा आय३ सहा कोअरच्या ५६००जी च्या पुढे किंवा बरोबरीने राहतो, आणि किंमतही कमी. म्हणून शहरातला जाणकार सरळ सांगतो: कार्ड नसेल तर ५६००जी, कार्ड असेल तर १२१००एफ. मुंबई-पुण्याच्या ग्राहकासाठी हा सल्ला बरोबर आहे. आपल्या किनाऱ्यासाठी तो अर्धाच बरोबर आहे, आणि चूक त्या शेवटच्या ‘एफ’ मध्ये आहे.

एफ प्रोसेसर असलेल्या संगणकात कार्ड बंद पडलं की पडदा काळा होतो. बाकी सगळं यंत्र धडधाकट असूनही त्याचा काही उपयोग राहत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात राहणारा माणूस कार्ड घेऊन दुकानात जातो, उसनं कार्ड लावून पाहतो आणि दोन दिवसांत वाटेला लागतो. आचरा, तारकर्ली किंवा देवबागच्या माणसाला ते कार्ड आधी कुडाळ-कणकवलीच्या दुकानदाराकडे न्यावं लागतं. तिथून ते बहुधा मुंबई, पुणे, कोल्हापूर किंवा गोव्याकडे जातं, कंपनी तपासते, बदली पाठवते. यात काही आठवडे सहज जातात. त्या आठवड्यांत मुलाची परीक्षा असेल, होमस्टेचं बुकिंग चालू असेल किंवा जीएसटी भरायची तारीख आली असेल, तर थोडक्या बचतीपोटी अख्खा संगणक अडकून पडतो. इंजिनाची होडी समुद्रात नेणारा माणूसही वल्हं सोबत ठेवतो. साध्या १२१०० मधलं यूएचडी ७३० हे तसं वल्हं आहे. त्याने शर्यत जिंकता येणार नाही, पण बंदरात परत येता येतं. केबल कार्डावरून काढून बोर्डच्या मागच्या पोर्टला लावली की अभ्यास, बँक, बिलं आणि व्हिडिओ कॉल पुन्हा सुरू. ५६००जी मध्ये ही सोय मुळातच आहे.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की कार्डं रोज थोडीच जळतात, आणि एफ व नुसत्या मॉडेलमधल्या किमतीच्या फरकात अधिक चांगली एसएसडी येते. कार्ड क्वचितच बिघडतं हे मान्य. पण संपूर्ण संगणकात सगळ्यात महाग, सगळ्यात गरम होणारा आणि स्वतःचे पंखे फिरवणारा भाग तोच आहे, आणि किनाऱ्यावर त्याला खारी, दमट हवा मिळते. ही हवा उघड्या धातूवर, कनेक्टरांवर आणि पंख्यांवर काम करत राहते. त्यातच जुनं कार्ड स्वस्तात घेण्याचा मोह इथे अनेकांना होतो, आणि अशा कार्डाला बहुधा वॉरंटी नसते. दुसरं असं, की ग्राफिक्स असलेला प्रोसेसर नुसता विम्यासारखा पडून राहत नाही. नवा संगणक जोडल्यावर तो सुरू होत नसेल, तर दोष कार्डात आहे की बोर्डात हे घरच्या घरी कळतं. कार्डासाठी पैसे जमेपर्यंत संगणक वापरता येतो. तीन-चार वर्षांनी मोठा मुलगा कार्ड काढून घेऊन गेला तरी उरलेलं यंत्र धाकट्या बहिणीच्या अभ्यासाला चालतं. एवढं सगळं त्या फरकात मिळत असेल तर ती बचत करण्यात शहाणपण नाही.

विजेचा मुद्दाही याच बाजूला झुकतो. २०२१ च्या मे महिन्यातल्या तौक्ते चक्रीवादळाने किनाऱ्यावरच्या गावांना विजेविना राहण्याचा धडा दिला, आणि एरवीही मृगाच्या आधीपासून वीज येते-जाते हे इथे कोणाला सांगायला नको. दोन्ही प्रोसेसर पूर्ण जोर लावला तरी नव्वद वॅटच्या आतबाहेरच थांबतात: ५६००जी ची मर्यादा ८८ वॅट, आय३ ची ८९. म्हणजे विजेच्या हिशेबात प्रोसेसर सारखेच, खरा फरक कार्ड करतं. जीटीएक्स १६५० हे छोटं कार्ड आणखी ७५ वॅट घेतं, तर आरएक्स ६६०० १३२ वॅट. दुकानात मिळणारा ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंतचाच भार पेलतो. कार्डाविना चालणारा ५६००जी चा संगणक मॉनिटरसकट त्यावर आरामात बसतो आणि काम सेव्ह करून बंद करायला पुरेसा वेळ देतो. मोठं कार्ड ऐन गेममध्ये असताना वीज गेली तर तोच यूपीएस फार थोडा काळ टिकतो. घराला इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचा आहे ना हे पाहावं, कारण चौकोनी लहरीचा स्वस्त इन्व्हर्टर आजच्या चांगल्या एसएमपीएसला, म्हणजे संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या डब्याला, मानवत नाही. अर्थिंगही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावं. एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडू लागल्या की पिन आणि नेटची केबल दोन्ही काढावी. यूपीएस विजेच्या लोळापासून वाचवत नाही.

आता कामाचं पाहू, कारण या किनाऱ्यावरचा संगणक नुसत्या गेमसाठी क्वचितच घेतला जातो. तारकर्ली-मालवणच्या पाण्यात स्कुबा करणाऱ्या पर्यटकाला त्याचा व्हिडिओ हवा असतो, आणि तो त्याच दिवशी हवा असतो. ॲक्शन कॅमेरे हे चित्रण बहुतेक वेळा एचईव्हीसी या प्रकारात दाबून ठेवतात. ते उलगडायला प्रोसेसरच्या ग्राफिक्समध्ये वेगळी यंत्रणा असते. दोन्ही प्रोसेसरांत ती आहे, मात्र इंटेलची क्विक सिंक बहुतेक संपादन-प्रोग्रॅमना जास्त सवयीची आहे, आणि यूट्यूब अधिकाधिक वापरत असलेला एव्ही१ हा प्रकारही यूएचडी ७३० उलगडू शकतं. वेगा ७ तो उलगडू शकत नाही. गंमत अशी, की एफ मॉडेल घेतलं की क्विक सिंकही गेली, कारण ती त्या ग्राफिक्सचाच भाग आहे. मग सगळा भार कार्डावर. त्यात आरएक्स ६५०० एक्सटी घेतलं असेल तर त्याच्यात व्हिडिओ एन्कोड करण्याची सोयच नाही. म्हणजे गेमसाठी म्हणून निवडलेली सर्वात स्वस्त जोडी धंद्याच्या कामाला सर्वात अडचणीची ठरते. ज्या घरात व्हिडिओवर पोट आहे, तिथे नुसता १२१०० हाच सुरक्षित पर्याय.

दुसरा आक्षेप जुनेपणाचा. दोन्ही प्रोसेसर चार-पाच वर्षांपूर्वीचे, मग नवे का घेऊ नयेत? एएमडीने २०२४ च्या जानेवारीत ८६००जी आणला, त्याचं आतलं ग्राफिक्स वेगाच्या बरंच पुढे आहे, यात वाद नाही. पण त्याला एएम५ बोर्ड आणि डीडीआर५ रॅम लागते, आणि २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत जगभर रॅमचे भाव चढल्यापासून हा वरचा खर्च आणखी बोचतो. या फरकाच्या पैशांत बहुधा आय३ सोबत एखादं बरं कार्ड येतं, आणि गेममध्ये ते कार्ड ८६००जी च्या ग्राफिक्सच्या कितीतरी पुढे असतं. इंटेलच्या बाजूने १३१०० आणि १४१०० हे पुढचे आय३ आले. तेही चार कोअरचेच, वेग किंचित जास्त. यापैकी जो नुसता, म्हणजे एफ नसलेला, त्या दिवशी स्वस्त मिळेल तो खुशाल घ्यावा. पुढे वाढवण्याची सोय दोन्हीकडे आहे. आय३ च्या बोर्डवर पुढे सहा कोअरचा आय५-१२४०० किंवा त्यानंतरचा १३४०० बसतो. ५६००जी च्या एएम४ बोर्डवर रायझन ७ पर्यंत जाता येतं, पण ते सॉकेट उताराला लागलं आहे, हे ध्यानात ठेवावं.

तिसरा आक्षेप चार कोअरवरचा आहे, आणि तो सगळ्यात वजनदार आहे. नव्या मोठ्या गेममध्ये गर्दीच्या शहरातून गाडी पळवताना चार कोअर कमी पडतात, सरासरी फ्रेम चांगल्या दिसल्या तरी मध्येच गेम अडखळतो. खेळता खेळता स्ट्रीमिंग करायचं असेल तर तो जास्तच अडखळतो. हे खरं आहे, आणि ज्याला तसेच गेम खेळायचे आहेत त्याने आय३ वर न थांबता आय५-१२४०० कडेच जावं, पुन्हा एफ नसलेल्या. पण बजेटमधल्या कार्डावर आणि साध्या मॉनिटरवर खेळणाऱ्याची मर्यादा बहुतेक वेळा कार्डापाशी येते, प्रोसेसरपाशी नंतर. सहा कोअरच्या मोहात कार्ड दोन पायऱ्या खाली आणलं, तर गेममध्ये नुकसानच होतं.

जुना ऑफिसातला संगणक घेऊन त्यात कार्ड टाकण्याचा सल्लाही पुष्कळ दिला जातो. तिसऱ्या-चौथ्या पिढीचे आय५ मातीमोल भावात मिळतात. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीच्या खालच्या बहुतेक इंटेलवर चालत नाही. व्हॅलोरंट तर विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षा-सोयी मागतो. म्हणजे ज्या गेमसाठी मुलाने हट्ट धरला तोच उद्या उघडणार नाही. लॅपटॉपचा विचार मात्र वेगळ्या न्यायाने करावा. मूल वर्षभरात पुण्या-मुंबईच्या वसतिगृहात जाणार असेल तर लॅपटॉपच घ्यावा. घरातच राहणाऱ्या यंत्रासाठी असेंबल केलेला संगणक बरा, कारण त्याचा एक भाग बिघडला तर तेवढाच बदलतो.

खरेदीला जाताना नावांची गल्लत टाळणं हे अर्धं काम आहे. ५५००, ५६००, ५६००एक्स आणि ५६००जी ही नावं सारखी दिसली तरी त्यांत आतलं ग्राफिक्स फक्त जी असलेल्यात आहे. त्याचाच किंचित वेगवान भाऊ ५६००जीटी मिळाला तर तोही चालेल. प्रोसेसर सीलबंद खोक्यातलाच घ्यावा. त्यासोबत पंखा येतो आणि कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते, ‘ट्रे’ म्हणून सुटा विकला जाणारा प्रोसेसर मात्र दुकानदाराच्या शब्दावर असतो. ५६००जी साठी रॅमचे दोन स्लॉट असलेला बी४५० किंवा बी५५० बोर्ड, आय३ साठी डीडीआर४ चा एच६१० पुरेसा आहे. एसएमपीएसवर काटकसर करू नये, नावाजलेल्या कंपनीचा ४५० ते ५५० वॅटचा घ्यावा. कॅबिनेट जमिनीवर किंवा समुद्राकडच्या खिडकीखाली ठेवू नये, आणि पावसाळ्यात धंदा बंद असला तरी यंत्र दिवसाआड थोडा वेळ चालू ठेवावं, म्हणजे ते आतून कोरडं राहतं.

सारांश असा. येत्या सहा-आठ महिन्यांत कार्ड घेण्याचे पैसे नक्की येणार नसतील, आणि हलके व जुने गेम पुरेसे असतील, तर रायझन ५ ५६००जी घ्या आणि ८ जीबीच्या दोन स्टिक लावा. कार्ड आत्ताच किंवा नक्की येणार असेल, किंवा घरात व्हिडिओचं काम असेल, तर नुसता कोअर आय३-१२१०० घ्या. १२१००एफ हा त्याच्यासाठी, ज्याच्या दाराशी दुरुस्तीचं दुकान आहे किंवा घरात दुसरा संगणक आहे. पैसे देण्याआधी बिलावर प्रोसेसरचं पूर्ण नाव शेवटच्या अक्षरासकट लिहून घ्या, खोक्यावरच्या नावाशी ते ताडून पाहा, आणि मगच कुडाळ किंवा कणकवलीहून घरची एसटी धरा.